दीक्षा एकाची, वनवास दोघांचा

टिळक म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पगडी, उपरणे आणि केसरीचा अग्रलेख उभा राहतो, आणि ते साहजिकच आहे. पण अहमदनगरच्या, २०२४ पासून ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या शहराच्या, जुन्या ख्रिस्ती घरांतून ‘टिळक’ असे नुसते म्हटले तर मनात येतात ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. दोघेही कोकणस्थ, दोघांचाही जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला, वयात अंतर अवघे पाचसहा वर्षांचे. एकाला सरकारने मंडालेला धाडले. दुसऱ्याला कोणत्याही सरकारने कधी शिक्षा केली नाही. त्याला हद्दपार केले ते त्याच्या स्वतःच्या गोतावळ्याने, आणि तो गुन्हाही त्याने समजूनउमजून केला होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्याने बाप्तिस्मा घेतला.

फुलामुलांचे कवी म्हणून टिळकांना आपण ओळखतो. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून त्यांची भजने आजही गायिली जातात. त्यांच्या धर्मांतरावर उलटसुलट लिहूनही पुष्कळ झाले आहे. ते योग्य होते की अयोग्य, हा वाद येथे काढायचा नाही. विचार करायचा आहे तो एका साध्या, व्यवहारी प्रश्नाचा. मनापासून पत्करलेल्या या शिष्यत्वाची किंमत किती पडली, आणि ती कोणी भरली?

हा प्रश्न खुद्द ख्रिस्तानेच काढून ठेवला आहे. लूकच्या शुभवर्तमानात चौदाव्या अध्यायात तो सांगतो की बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी खाली बसून खर्चाचा अंदाज घ्यावा. नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहायचे आणि येणारेजाणारे हसायचे. त्याच अध्यायात, या दाखल्याच्या थोडेसे आधी, आईबाप, बायको, मुले, भावंडे आणि स्वतःचा जीव यांपेक्षा मला अधिक मानणार नाही त्याला माझा शिष्य होता येणार नाही, अशी कडक अट आहे. वाचायला ही अट भव्य वाटते. पण त्या यादीत ‘बायको’ हा शब्द आहे, आणि त्या शब्दामागे हाडामांसाचे एक माणूस असते. टिळकांच्या बाबतीत ते माणूस म्हणजे लक्ष्मीबाई.

आगगाडीतला सोबती

टिळकांची आई लवकर गेली. बापाशी पटले नाही, म्हणून मुलाने घर सोडले आणि नाशिक गाठले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारखा विद्वान गुरू लाभला, संस्कृत पक्के झाले, काव्याची गोडी लागली. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही अकराबारा वर्षांची मुलगी त्यांना दिली. सासरी ती लक्ष्मी झाली.

या मुलीच्या माहेरचे सोवळे कसे होते ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. सत्तावन्नच्या धामधुमीनंतर तिच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्याने तिच्या वडिलांनी, नाना गोखल्यांनी, सोवळ्याओवळ्याचे जे वेड घेतले ते त्यांना जन्मभर सुटले नाही. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊनच घरात घ्यायची. मीठही धुवायचे! धुतलेल्या मिठाचे काय होते हे सांगायला नको. अशा घरात वाढलेल्या मुलीला विटाळ हा वादाचा विषय नव्हता. श्वासोच्छ्वासाइतका तो अंगवळणी पडला होता.

टिळक मात्र एका ठिकाणी टिकणारे नव्हते. नोकऱ्या धरल्या, सोडल्या. कीर्तने केली, प्रवचने केली, व्याख्याने दिली. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने वैदिक वाङ्मयाच्या संपादनाचे काम केले. हातात पैसा आला तर समोरच्या गरजवंताला देऊन मोकळे, आणि घरात काय शिजणार याची चिंता बायकोने करावी. जातिभेदाने देश पोखरला गेला आहे हे त्यांच्या मनाने घेतले होते, आणि राष्ट्राला उभारी देईल असा एखादा नवा धर्म आपणच काढावा अशीही खटपट त्यांनी चालवली होती.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ त्यांना भेटला. कवितेवरून बोलणे सुरू झाले आणि धर्मावर आले. उतरताना त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी ते थांबले. पुढले थांबणे त्यांच्या हाती राहिले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते पुढे सांगत. भाकिताला दोन वर्षे होतात न होतात तोच त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तोही परदेशी मिशनऱ्याकडून न घेता आग्रहाने देशी पाळकाच्या हातून.

कायद्याने दिलेले, समाजाने घेतलेले

त्या काळी धर्म बदलणाऱ्याच्या पाठीशी कायदा होता. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क जाणार नाही अशी हमी दिली होती. १८६६ मध्ये आणखी एक कायदा झाला. धर्मांतरामुळे बायकोने सहा महिने सतत नवऱ्याचा त्याग केला, तर ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याला कोर्टात जाता येई. कोर्ट वर्षभर मुदत देई, आणि तरीही बायको परतली नाही तर तो विवाह मोडून दुसरा करण्यास मोकळीक मिळे.

कागदावर हे सारे ठीक होते. पण दिवाळीच्या पहाटे कोणी दाराशी येऊन हाक मारायची, भाऊबीजेला कोणाच्या ताटात ओवाळणी घालायची, घरात मयत झाले तर खांदा कोणी द्यायचा, हे कोणताही कायदा ठरवू शकत नाही. जातीबाहेर पडलेला माणूस जिवंतपणीच गेल्यासारखा होई. टिळकांनी हे सारे जाणून पाऊल टाकले. आपल्या वाट्याचा हिशेब त्यांनी केला होता, असे म्हणायला हरकत नाही.

पण लक्ष्मीबाईंना तो हिशेब कोणी विचारला नव्हता. त्या वेळी त्या माहेरच्या माणसांत होत्या. पदरी तीनचार वर्षांचा दत्तू होता. आधीची काही मुले गेलेली होती. नवरा ख्रिस्ती झाला ही बातमी त्यांच्यावर कोसळली. त्या विधवा नव्हत्या, सवाष्णही धड नव्हत्या. कुंकू होते, पण ज्याच्या नावाचे ते कुंकू त्याच्या हातचे पाणी चालत नव्हते. विधवेला निदान काय पाळायचे ते शास्त्राने सांगितले आहे; नवरा हयात असून परधर्मी झालेल्या बाईने काय करायचे ते कोणत्या पोथीत लिहिले होते? लोकांच्या दयेची आणि कुजबुजीची त्या एकाच वेळी धनी झाल्या. त्याच दुःखात त्यांच्या ओठांवर कविता आली. शाळेचे तोंड न पाहिलेली, नवऱ्याकडूनच अक्षरओळख झालेली ही बाई त्या काळात कवयित्री झाली.

हा वनवास एकदोन महिन्यांचा नव्हता. चारपाच वर्षे तो चालला.

वाट पाहणे

टिळक मुंबईहून नगरला आले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून येथे पाय रोवले होते. १८७४ पासून डॉक्टर रॉबर्ट ॲलन ह्यूम हे मुंबईत जन्मलेले मिशनरी नगरात काम करीत, आणि तेथील धर्मशिक्षणाच्या शाळेत टिळक शिकवू लागले. पुढे १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. लोकांच्या डोळ्यांनी पाहिले तर त्यांचे बस्तान बसले होते.

टिळकांच्या शिष्यत्वाची खरी परीक्षा या वर्षांत झाली असे मला वाटते. बाप्तिस्म्याचा दिवस एकाच दिवसाचा असतो. त्या दिवशी माणूस भारलेला असतो, आणि भारलेल्या अवस्थेत मोठमोठे त्याग पार पडतात. त्यानंतर रोज सकाळी उठून रिकाम्या घरात चूल पेटवायची, हे अवघड. १८६६ च्या कायद्याची वाट टिळकांपुढे खुली होती. ती त्यांनी धरली नाही. पत्रे लिहीत राहिले, भेटत राहिले, वाट पाहत राहिले. ज्या तापट, चंचल माणसाला एका नोकरीत वर्षभर कळ काढवत नसे, त्याने बायकोसाठी वर्षानुवर्षे कळ काढली. नव्या धर्माने त्या स्वभावावर काही केले असेल तर त्याचा सर्वांत भरवशाचा पुरावा मला येथे दिसतो.

अखेर लक्ष्मीबाई नगरला आल्या. पण कशा आल्या? नवऱ्याच्या संसारात, परंतु आपला धर्म, आपले सोवळे आणि आपले स्वयंपाकपाणी सांभाळून. टिळकांनी ते चालू दिले. एका छपराखाली दोन धर्म नांदू लागले. मीठ धुणाऱ्या बापाची लेक ख्रिस्ती शेजारात चूल मांडून बसली. हे दृश्य आज गमतीचे वाटेल, पण जिने ते रोज निभावले तिला त्यात गंमत कितपत वाटली असेल?

तेथून पुढचा प्रवास त्यांनी नवऱ्याच्या मागे मुकाट्याने चालत केला नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. आधी त्यांनी जात सोडली. देवाने माणसे केली, जाती माणसांनी केल्या, असा उलगडा त्यांना स्वतःच्या विचाराने झाला. एकदा तो झाल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यात त्यांना विटाळ राहिला नाही. ख्रिस्ताचा विचार त्यानंतरचा. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा टिळकांच्या बाप्तिस्म्याला पाच वर्षे होऊन गेली होती. नवऱ्याने एका उडीत ओलांडलेली नदी त्यांनी एकेक दगड चाचपत ओलांडली. कोणाचे धाडस मोठे, ते वाचकांनीच ठरवावे.

ज्यांची स्मृतिचित्रे लिहिली गेली नाहीत

टिळक दांपत्याची कहाणी आपल्याला ठाऊक आहे, कारण लक्ष्मीबाईंनी ती लिहिली. परंतु नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक ब्राह्मण नव्हते. राहुरी, वडाळा, सोनई, शेवगाव या भागांतल्या महार आणि मांग वस्त्यांतून ते आले. त्यांच्याविषयी ‘पोटासाठी धर्म सोडला’ हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो! छप्पन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, मिशनने अनाथ मुले सांभाळली, भुकेल्यांना अन्न आणि काम दिले, हे खरेच आहे. पण हिशेबाची दुसरी बाजूही वाचावी. गावकीची कामे आणि त्यांवर मिळणारे बलुते, वतन, पांढरीतला मान, जत्रेतला हक्क, सोयरीक हे सारे जुन्या चालीशी बांधलेले होते. देवीपुढचे काम नाकारले की पाटलाचा रोष आणि भावकीची नाराजी दोन्ही ओढवत. ब्राह्मण ख्रिस्ती झाला तर वर्तमानपत्रांत वादळ उठे. महार ख्रिस्ती झाला तर गावात फक्त एक खळे त्याला बंद होई, आणि त्याची बातमी कोणी छापत नसे.

ती किंमत स्वातंत्र्यानंतरही संपली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्या घराला मात्र त्या यादीत जागा मिळाली नाही. आजोबांनी घेतलेल्या निर्णयाची किंमत नातू शाळेच्या दाखल्यावर आणि नोकरीच्या अर्जावर भरतो. तेव्हा ‘पोटासाठी’ हे उत्तर देताना जरा थांबावे, एवढेच म्हणणे.

दुसऱ्यांदा घर सोडणे

नगरच्या टिळकांच्या घराचे दार सदा उघडे असे. अनाथ मुले, अडलेले विद्यार्थी, होतकरू कवी कोणीही यावे. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात चमकलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे हा कोवळा पोरगा याच घरात वाढला. तोच आपला बालकवी. टिळकांनी त्याच्यावर लेकरासारखी माया केली. धर्माची अट घातली नाही. तो हिंदूच राहिला. हे औदार्य टिळकांच्या नावावर जमा झाले, आणि ते योग्यच आहे. पण आलेल्या प्रत्येकासाठी पिठाच्या डब्यात हात कोणाचा जात होता? प्लेगच्या दिवसांत रोग्यांच्या उशाशी कोण बसले होते? लक्ष्मीबाईंच्या विनोदी स्वभावाचे आपण कौतुक करतो. तो विनोद नसता तर हा संसार झेपला नसता, असेही म्हणता येईल.

१९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. मान होता, वेतन होते, वय पन्नाशीपलीकडे गेले होते. अशा वेळी माणूस पेन्शनचा विचार करतो. टिळकांना वेगळेच सुचले. परक्या पैशावर चालणारा आणि परक्या चालीने वागणारा ख्रिस्ती धर्म या मातीत रुजणार नाही, हे त्यांना फार दिवस सलत होते. मिशनऱ्यांनी मायबाप होऊन राहू नये, हे त्यांनी स्पष्ट बोलून दाखवले होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकाच दरबारात बसतील, ही त्यामागची कल्पना. मंडळीतल्या पुष्कळांना ती पटण्यासारखी नव्हती. बाविसाएक वर्षांपूर्वी जातीने बाहेर काढलेला माणूस आता आपल्या नव्या घरातही थोडासा उपरा झाला.

संन्याशाला पैसा लागत नाही, पण संन्याशाच्या घराला लागतो. हा दुसरा बुरूजही टिळकांनी स्वतःच्या ताकदीवर बांधायला घेतला, आणि खर्चाचा एक भाग पुन्हा घराकडे वळला. त्यांना पुढे फारसा अवकाशही मिळाला नाही. १९१८ मध्ये बालकवी रेल्वेखाली सापडून गेला. ९ मे १९१९ रोजी टिळकांनी मुंबईत देह ठेवला. त्यांच्या मागे दरबार फार काळ टिकला नाही.

अर्धवट बुरूज

येथे त्या दाखल्याची आठवण पुन्हा होते. पाया घातला, काम अर्धे राहिले, लोक हसले. टिळकांच्या बाबतीत पुष्कळसे असेच व्हायचे होते. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य त्यांनी आरंभले होते. त्याचे सुरुवातीचे थोडेसेच अध्याय लिहून झाले होते.

ते काम पुरे केले लक्ष्मीबाईंनी. संस्कृत पंडिताने सोडलेले काव्य, ज्यांना नवऱ्याने अक्षरे गिरवायला शिकवली त्या बाईने हाती घेतले आणि चौसष्ट अध्याय लिहून तडीस नेले. त्याच्या जोडीला ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ ते १९३६ या काळात तिचे भाग प्रसिद्ध झाले, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाई गेल्या. मराठीतल्या आत्मचरित्रांत त्या पुस्तकाचा मान आज कोणाहून कमी नाही. त्यात नवऱ्याचे दोष झाकलेले नाहीत. त्यांचा राग, त्यांचे न सांगता निघून जाणे, पैशाची बेफिकिरी, सारे आहे. तरी पुस्तक मिटताना वाचकाच्या मनात टिळकांविषयी प्रेमच उरते. जिने एवढी किंमत भरली, तिने ती वसूल करण्यासाठी लेखणी उचलली नाही.

मनापासून देवाच्या मागे जाणारी माणसे सर्व धर्मांत झाली. संसार टाकून निघालेल्या साधुसंतांची चरित्रे आपण भक्तिभावाने वाचतो. वाचताना आपले लक्ष निघून जाणाऱ्याकडे असते. दाराशी उभ्या राहिलेल्या बाईकडे क्वचितच जाते. यशोधरा काय म्हणाली, आवलीने किती दिवस काढले, हे आपण एखाद्या ओळीत उरकतो. नगरच्या या घरातले वेगळेपण असे की दाराशी उभी राहिलेली बाई तेथेच थांबली नाही. तिने आपला वेळ घेतला, आपली वाट चालली, आणि शेवटी निघून गेलेल्याचे अपुरे कामही पुरे केले.

टिळकांनी आपल्या हिशेबात लक्ष्मीबाईंचे दुःख धरले होते की नाही, कोण जाणे. पण त्यांचे बळ मात्र त्यांनी धरले नसावे. ते त्यांना ठाऊक असायला, आधी ते लक्ष्मीबाईंना स्वतःला ठाऊक व्हावे लागले.